ओलेस्या आधी धावली

खार्किव, ७ नोव्हेंबर

बाबा,

१. मंगळवारी ४.१० ला भोंगा वाजला.
२. ओलेस्या आजीला जिन्यात सोडून तळघरात पळाली.
३. आजी सहा मिनिटांनी सुखरूप पोचली.

तेव्हापासून ओलेस्या ऑनलाइन वर्गात कॅमेरा बंद ठेवते. "बाबा आघाडीवर लढतात आणि मी ही अशी," म्हणते.

आजी म्हणाली, "अगं, भित्रे माझे गुडघे आहेत, तू नाहीस!" ओलेस्या हसली नाही.

हे पत्र तिसऱ्यांदा लिहिते आहे, कारण आधीच्या दोन्हींत एक गोष्ट गाळली होती. तळघरात सगळ्यांसमोर "शर्यत जिंकलीस गं!" असं मीच म्हणाले.

तुम्ही फोनवर तिला "माझी शूर मुलगी" म्हणता. ते थांबवा. तुम्हालाही भीती वाटते, एवढं तिला लिहा. शनिवारी तिला पंधरावं लागेल. शुक्रवारपर्यंत उत्तर द्या.

तुमची थोरली,
यारिना