किसनाचा डावा कान

१२ नोव्हें. १९६१, रविवार
दिग्रसच्या कुस्त्यांच्या दंगलीत किसनाची जोड ठरली. भाचा माझा, आखाडाही माझाच; हरला तर दोन्हीकडून बोलणी मलाच. ताकद रेड्याची, पण चौथ्या पकडीला धापा टाकतो. नुसत्या दंड-बैठकांनी दम वाढत नाही, हे माझं मी ताडलं. उद्यापासून विहिरीत पोहणं. संध्याकाळी हुतूतू, पाय हलके व्हायला.

२० नोव्हें.
बुडी मारून बसतो, वर येतो तो हसतच. दम वाढला! जुने पहिलवान नाकं मुरडतात. "वस्ताद, कुस्ती शिकवून राह्यले का बेडूक पाळून राह्यले?" म्हटलं, या बेडकाले चीत करून दाखवा.

२७ नोव्हें.
डावा कान वाहतो. मातीत घासून मोडलेला, म्हणजे पहिलवानाचा दागिनाच. पण घडीत पाणी साचतं. किसनाची बायको अनुसया म्हणाली, "मामाजी, उशीले वास येते." लसणाचं कोमट तेल सोडलं. पोहणं चालू.

३ डिसें.
हुतूतूत डावीकडून गडी अंगावर आला, किसनाला पत्ताच नाही. पोरं हसली. मला हसू आलं नाही. सकाळीही विहिरीच्या पायरीवर मटकन बसला होता. "मामा, पाण्यात वर कोणतं अन् खाली कोणतं, तेच समजे ना."
पोहणं बंद. त्याऐवजी मल्लखांब. मान तरी पक्की होईल.

८ डिसें.
कान वाहायचा थांबला. जीव भांड्यात पडला. अनुसयेनं पुरण घातलं. किसना ताटावरून उठला. डोकं दुखतं म्हणे.

१० डिसें.
मान आखडली. हनुवटी छातीला टेकत नाही. मल्लखांबाचा ताण, दुसरं काय असणार. तेल लावून चोळायला बसलो, तर माझा हात झटकला. आजवर कधी...
अंग तव्यासारखं. उजेड नको, दार लोटा म्हणतो.

११ डिसें.
समोरच्या पहिलवानाच्या वस्तादाकडे गेलो. जोड मोडा म्हटलं.
"भेला काय तुमचा पठ्ठा?"
"मी भेलो."
घरी आलो तर किसनाला आधीच कळलेलं. "मामा, मले गावात तोंड दाखवाले जागा नाही ठेवली तुमी." पुढं काही बोलणार होता, उलटी झाली. दुपारच्या मोटारीनं यवतमाळ.

१२ डिसें. यवतमाळ, दवाखान्याचा ओटा
डॉक्टरांनी मान वाकवून पाहिली अन् त्यांचा चेहराच बदलला. "कान कधीपासून वाहत होता?" विहीर, तेल, मल्लखांब, सगळं सांगितलं. शेवटी एवढंच म्हणाले, "कानातला पू मेंदूच्या आवरणापर्यंत गेलेला दिसतो." रागावले असते तर बरं वाटलं असतं.
कण्यात सुई टोचून पाणी काढायचं म्हणून आत नेलंय. आम्ही बाहेर. अनुसया दाराला कान लावून उभी. आत्ताच माझ्याकडे वळून म्हणाली, "मामाजी, एवढी मोठी सुई, अन् हे ओरडून काहून नाही राह्यले?"