मागच्या खोलीतला जन्म

प्रिय जयवंतदादा,

आजोबांची सूतगिरणी पाडून झाली. उद्या घरही गोदामवाल्यांना द्यायचं.

आज गुणाबाई नावाची बाई आली. तिची आई आपल्या गिरणीत सूत कातायची. म्हणाली, "माझा जल्म हितंच झाला, मागच्या खोलीत. नाव तुमच्या वडलांनी, अप्पांनी ठेवलं. मला काय नको, खोली येकदा बघायची हाय."

मी खोली उघडली. ती हसली तेव्हा मला अप्पाच दिसले, की तसा भास झाला? तुला हे ठाऊक होतं का? फोन उचलला आणि ठेवून दिला.

"येते ताई," ती म्हणाली. ती माझ्याहून मोठी. मी वाकून पाया पडले. का, सांगता येत नाही.

वारस किती, असं वकिलांनी विचारलंय. मी अजून आकडा सांगितलेला नाही.

तुझी गोंधळलेली,
शैला