पुढचं चाँद पाशाच्या दुकानात

हैदराबाद, होळी झाल्यावरचा सोमवार, १९९८

तीर्थरूप बाबांना रत्नपालचा दोन्ही पायांवर डोकं ठेवून जयभीम. त्यातल्या त्यात डाव्या पायाला जास्त, कारण तो सध्या रुसलेला आहे. मी इथं मजेत आहे. आईचे गुडघे, शेळी आन् तुमचा राग, तिन्ही ठीक असतील असं धरून चालतो.

(दीक्षे, कंसातलं मोठ्यानं वाचू नको, ते बहिणीपुरतं आहे. बाबा बाजेवर असतील. तू दारात उभी राहून वाच, आन् आवाज बारीक ठेव.)

तुमी चालणं सोडलं असं दीक्षानं कळवलं. लकवा मारल्यावर नांदेडच्या दवाखान्यात दोन दांड्यांच्या मधी महिनाभर घाम गाळला, कसरतवाल्या मॅडमनी आरशासमोर काय चालवलं, पायरीवर काय चढवलं. घरी आल्यावर वर्षभर तुमी विहारापोतर एकटे जाऊन येत होते. आन् आपल्या गोरेगावच्या स्टँडवर एका जीपवाल्यानं तुमच्या चालीची नक्कल केली, चार माणसं हसली, तर बाज धरून बसले. बाबा, त्याची जीप कशी चालते ते पाहिलं काय? चारी चाकं चार गावाला जातात. ती काही घरी बसली न्हाई.

असो. पत्राचं कारण असं की तुमच्यापायी माझं काम जायची पाळी आली. मी इथं पलंगाच्या दुकानात पॉलिश करून राहिलो. हे तिसरं काम, आधीच्या दोन ठिकाणचं काहून सुटलं ते विचारू नका. आमचे मालक वासिफसेठ. त्यांच्या अम्मीला, फातिमाबीला, मागच्या साली लकवा झाला. दवाखान्यातून चालत आली, पण घरी सुना सगळं हातात आणून देऊ लागल्या आन् म्हातारी पलंगाला चिकटली. मी बोलून गेलो की माझ्या बापाला मीच चालवलं. तोंड तुमच्यावर गेलंय, माझा दोष न्हाई. सेठला वाटलं हा कंपाउंडर. दुसऱ्या दिवशी पॉलिशचा बोळा काढून घेतला आन् मला अम्मीसमोर उभं केलं.

आता मला इलाज येतो एकच. याद आहे ना? मॅडम म्हणायच्या, जळबाकाका, पाय उचला, आन् तुमी छताकडं पाहायचे. मग मी तुमचा चहा दांड्यांच्या त्या टोकाला नेऊन फुर्रकन एक घोट घ्यायचो. तुमी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत बराबर तिथवर यायचे. पिढ्या तुमच्याच होत्या, पण रागात कोण पाहतो.

(दीक्षे, आता हापशावर जा आन् तिथून वाच. बाबा म्हणतील, बहिरी झाली काय, जोरात वाच. म्हणू दे.)

तर फातिमाबी चहा पीत न्हाई, तिचा सगळा जीव पानाच्या डब्यात. मी तो डबा उचलला आन् ओसरीतल्या झोपाळ्यावर नेऊन ठेवला. वरून एक पान लावून स्वतः खाल्लं. तिनं असल्या गोड उर्दूत शिव्या दिल्या की मला वाटलं तारीफ चालू आहे. मग एक पाय खाली ठेवला. सुना दारात जमल्या. सेठ दुकान तसंच टाकून धावत आले. अम्मीनं भिंत धरली, मग भिंत सोडली, आन् हातात अडकित्ता होता, आन् मी झोपाळ्यावर

इथं कागद संपला.

तुमचा, अजून तरी धडधाकट, रत्नपाल

ता. क. कागद सापडला. पण पुढचं लिहिण्यासारखं न्हाई, तोंडानंच सांगावं लागंल. येत्या रविवारी सकाळी स्टँडवरच्या चाँद पाशा चाचाच्या दुकानात फोन करतो. तुमच्याबिगर दुसऱ्या कोणाला सांगणार न्हाई, आईलाही न्हाई.

ता. क. दुसरा. (दीक्षे, त्यांना सायकलवर बसवून आणू नको. जीपवाला आडवा आला तर एवढंच म्हण, दादा, बाबांच्या हातात काठी आहे.)

ता. क. तिसरा, हा मोठ्यानं वाच. बाबा, कंसातलं सगळं तुमी हिच्याकडून वदवून घेतलंच असंल. तर खरं सांगतो. दवाखान्यात मी व्हरांड्यात पडलेला असायचो तवा तुमच्या पायांचा आवाज यायचा, एक टप, एक खर्र. लोकं ज्याला हसले तो हाच. मला त्याच्याबिगर झोप येत नव्हती. दीक्षा चाचाला सांगंल, फोन उचलून तसाच गल्ल्यावर ठेवा आन् कोणी बोलू नका. तुमी सावकाश या. मी कानाला लावून उभा आहे.