अकलोलीचं तिसरं कुंड

सर, तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली, पण माझा राग अजून जागच्या जागी आहे. आज नववीला गरम पाण्याचे झरे शिकवले. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खोल उतरतं, तापतं, वर येतं. किती खोल गेलं, येताना वाटेत किती गार पाणी मिसळलं, यावर प्रत्येक झऱ्याचा स्वभाव ठरतो. म्हणून शेजारशेजारची दोन कुंडं एकमेकांना ओळख दाखवत नाहीत. मी तुम्हाला हेच तर सांगत होते.

तेव्हा मी भिवंडीत मावशीकडे शिकायला होते. आई गावी, अकलोलीला, गरम पाण्याच्या कुंडांपाशी नारळ-फुलं विकायची. न्हायला आलेल्या बायकांना बसल्या जागेवरून ओरडायची, "बाय, त्यात नको उतरू, भाजशील! हे कोमट हाय, गुडघ्यांना बरं." ते भाजणारं तिसरं कुंड. त्याला विझलेल्या काडेपेटीच्या काडीसारखा वास येतो. वर्गात उठून मी हे सगळं सांगितलं. बाहेरच्या यंत्रमागांच्या खडखडाटावर आवाज चढवून तुम्ही म्हणालात, "गरम पाणी ते गरम पाणी! पुस्तक शहाणं की तुझी फुलवाली आई?" मग हातावर चार पट्ट्या. पट्ट्यांचं काही नाही हो, पण अख्खा वर्ग माझ्या आईला हसला. दहावीपर्यंत माझं नाव थापाडीच राहिलं.

त्याच वर्षी सहल अकलोलीला आली. आई त्या दिवशी बाजाराला गेली होती, नाहीतर तिने हाक मारलीच असती. तुम्ही पँट गुडघ्यापर्यंत दुमडता आहात, सगळ्या वर्गासमोर मला पुढे बोलावता आहात. "तुझं गाव आहे. सांग बरं, कोणत्यात उतरू?"

"सर, गरम पाणी ते गरम पाणी," मी म्हणाले आणि तिसऱ्या कुंडाकडे बोट दाखवलं.

तुमची ती किंकाळी आठवली की मला अजून बरं वाटतं. पायावर टपोरे फोड आले. पंधरा दिवस फडकं गुंडाळून, स्लिपर घालून लंगडत वर्गावर येत होतात. मला मात्र एका शब्दाने बोलला नाहीत. त्याचाही मला रागच आला.

हे पत्र टाकणार तरी कुठे? वहीतच राहील. म्हणून एवढं लिहून ठेवते. त्या दिवशी सगळ्यांदेखत मला विचारलंत, तेव्हा माझं खरं होतं हे तुम्ही कबूलच करत होतात. मला ते तिथेच कळलं होतं, सर. कळल्यावर मी बोट दाखवलं.