बाबांचं फुकट तिकीट

अलेक्झांड्रिया,
शनिवार, ८ नोव्हेंबर

प्रिय रऊफ,

आठ महिने मी तुला लिहिलं नाही, फोनवरही दोन मिनिटांत आटोपतं घेतलं. माफ कर. शाळेत परीक्षा होत्या, असं लिहिलं होतं, ते खोडलं. परीक्षा आठ महिने चालत नाहीत. खरं कारण सांगायचं तर पत्र मोठं होईल.

बाबांनी तुला फोनवर “शुक्रवारचा तुझा गोल झकास होता” म्हटलं, तेव्हा तू घाबरून मला विचारलंस, त्यांची औषधं बदललीत का. औषधं तीच आहेत. बाबा दर शुक्रवारी नमाजनंतर जेवून, दात घासून, टीव्हीसमोर बसून, तू दिलेल्या खेळाच्या यंत्रावर तुझ्याशी फुटबॉल खेळतात. तू तिकडे माँट्रियलमध्ये झोपलेला असतोस, तरी खेळतात.

मार्चमध्ये तू मला सांगितलंस, जुळ्या मुलींमुळे आता शुक्रवारी खेळायला जमत नाही, तूच बाबांना समजावून सांग. मी त्यासाठीच जिना उतरले होते. पण त्याच दिवशी तू भरलेली वर्षाची वर्गणी संपली होती आणि पडद्यावर ‘पैसे भरा, मग खेळा’ असं आलं होतं. बाबा दारातच माझ्यावर बरसले. “यंत्र माझं, वीज माझी, इंटरनेट माझं, बोटं माझी! मग दाराशी उभा राहून तिकीट मागणारा हा कोण?” मी म्हटलं, बाबा, एकतीस वर्षं ट्रामच्या दाराशी उभे राहून तुम्ही दुसरं काय केलंत? “माझ्यामागे ट्राम असायची, पोरी! ड्रायव्हर होता, रूळ होते.” त्यांचेही रूळ असतात, कुठेतरी मोठमोठी यंत्रं रात्रंदिवस चालू ठेवावी लागतात, असं मी म्हटलं. “मग विकतानाच सांगायचं होतं. आधी बाक विकायचा, आणि त्यावर टेकायचं भाडं वेगळं?” मला बाबांचंही पटतं आणि कंपनीचंही, हा माझा जुना आजार.

त्यांनी कंपनीला चार पानी पत्र लिहिलं, सुवाच्य अक्षरात, आणि टपालात टाकायला माझ्याकडे दिलं. पाकिटावर पत्ता होता फक्त ‘जपान’. ते माझ्या कपाटात आहे. मी कोपऱ्यावरच्या सुब्हीच्या दुकानातून महिन्याच्या वर्गणीचं कार्ड आणलं आणि बाबा झोपलेले असताना त्याचा आकडा यंत्रात भरला. दुपारी ते उठले, तर खेळ सुरू! बाबांना वाटलं, पत्र पोचलं आणि कंपनी नमली. दोन तासांत पत्र जपानला पोचलं कसं, असा प्रश्न कहवाखान्यात कुणालाही पडला नाही. उलट डॉक्टर वग्दींनी उठून बाबांचा हात हातात घेतला. “हाज शौकत, आमच्यासाठीही चार ओळी लिहा.” आता ज्याच्या घरी कुणाची वर्गणी संपते, तो कागद घेऊन बाबांकडे येतो.

एवढं झाल्यावर, तू आता खेळायला येणार नाहीस हे मी कुठल्या तोंडाने सांगणार होते? तुझं जुनं यंत्र माझ्या खोलीत होतंच, तुझ्या नावासकट. मी दुसरं कार्ड आणलं. खेळताना बोलण्याची सोय बाबांनी कधीच बंद केली होती. अनोळखी पोरं आईवरून शिव्या देतात म्हणून. तेव्हा तिसऱ्या मजल्यावर मी रऊफ, दुसऱ्या मजल्यावर बाबा. मी गोल केला की खिडकीतून वर ऐकू येतं, “गाढवा, बापाला फसवतोस!” आणि इतिहास शिकवणारी त्रेचाळीस वर्षांची बाई तोंडावर उशी दाबून हसते.

काल सगळं फुटलं. डॉक्टर वग्दींसाठी बाबांनी लिहिलेलं पत्र काही लागू पडलं नाही. बाबा तावातावाने सुब्हीच्या दुकानात गेले, कंपनीचा माणूस म्हणून त्यालाच झापायला. सुब्ही म्हणाला, “हाज, तुमचं कार्ड तर शहीराताई दर महिन्याला नेतात. एक तुमचं, एक रऊफभाईंचं.”

तुला आठवतं, आई पास घरी विसरली तेव्हा याच माणसाने भर ट्राममध्ये तिला दंड केला होता, आणि मग तिच्या रागापायी चार दिवस बाकल्याची थंड उसळ खाल्ली होती? तोच माणूस माझ्या दारात उभा राहिला. बगलेत जुनं पावतीपुस्तक. पहिली पावती त्यांनी स्वतःच्या नावाने फाडली, ‘विनातिकीट प्रवास, आठ महिने’. म्हणाले, “ही वर्गणी चुकीची आहे, हे माझं मत कायम. पण भांडायचं ते खाली उतरून. फुकट बसून नाही.” दुसरी माझ्या नावाने, ‘दुसऱ्याच्या पासवर प्रवास’. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, बाबा, मी तुम्हाला फसवलं. तर म्हणतात, “कुणाला? गोल झाला की तुझी टाच माझ्या डोक्यावर आपटते. पहिल्या शुक्रवारपासून. फोनवर रऊफला गोलाचं बोललो, ते त्याला टोचावं म्हणून. शिवाय रऊफ हरला की यंत्र बंद करून पळतो. हा रऊफ हरला की चहा घेऊन खाली येतो.” आणि पावती माझ्या हातात ठेवत, “एकतीस वर्षांत एकाच प्रवाशाकडे मी कानाडोळा केला.”

तिसरी पावती तुझ्या नावाची आहे, सोबत जोडली आहे. ‘पासधारक गैरहजर. दंड : एक सामना, स्वतः खेळणे.’ नोटीस टपालानेच जायला हवी, असा नियम आहे म्हणे. म्हणून हे पत्र. मी कालपासून तीनदा पाकीट बंद करून उघडलं. तू खेळायला आलास तर बाबांना फार आनंद होईल, हे मला पक्कं ठाऊक आहे. आणि तू आलास तर माझे शुक्रवार जातील, हेही. आठ महिने मी बाबांसाठी खेळत होते असं समजत होते. ते खरं नव्हतं, रऊफ.

तरी ये. एखादा शुक्रवार मला ठेव.

तुझीच,
शहीराताई

उद्या (रविवार, शाळेच्या आठवड्याचा पहिला दिवस) : शाळेत जाताना हे पत्र टपालात टाकणे, पिशवीत परत न आणणे.