शेवटचे चार आकडे

१२ डिसेंबर २००८

नाही म्हणाले! वॉशिंग्टनने कार कंपन्यांना मदत नाकारली. कॅन्टीनमध्ये सगळे टीव्हीसमोर उभे, कुणाला जेवण जाईना. माझ्या जोडीला काम करणारी ओपल तेवढी मजेत सँडविच खात होती. म्हणाली, "साहेब लोक खाजगी विमानातून भीक मागायला गेले. त्यांच्या वाटीत कोण काय टाकणार?" हसलो. मग भोंगा झाला आणि परत दारं बसवायला गेलो.

चेस्टरची केमो अजून चार महिने तरी चालेल. विमा माझ्या नोकरीचा. नवरा आधी की कारखाना आधी जातो — असले विचार येतात. लाज वाटते.

१९ डिसेंबर

मदतीचे पैसे मिळाले. बँकांसाठी काढून ठेवलेल्यातून दिले म्हणे. पण अटी आहेत — माणसं कमी करा, पगार खाली आणा. टीव्हीवरचा टायवाला सांगत होता, हे कामगार फार घेतात. ओपल टीव्हीलाच म्हणाली, "बँकवाल्याला विचारलंस का रे, तो तासाला किती घेतो ते?"

१७ मार्च २००९

कागद आले. स्वतःहून जाल तर एकरकमी पैसे आणि नव्या गाडीचं कूपन. विमा मात्र त्याच दिवशी बंद. सत्तावीस तारखेच्या शुक्रवारपर्यंत सही करायची. मला तर जायचा प्रश्नच नाही. ओपल म्हणाली, तिलाही नाही. "घरी बसून करू काय? मांजराशी भांडू?"

२५ मार्च

बुधवारी शिफ्ट संपल्यावर मी युनियनच्या ऑफिसात डचची कागदपत्रं लावून देते. डच आमचा प्रतिनिधी, पंधरा वर्षं तोच निवडून येतो. तो कॉफी आणायला गेला आणि फाइल उघडीच राहिली.

कारखाना वाचणार आहे. एक शिफ्ट जाणार. नावं नोकरीच्या वर्षांप्रमाणे लावलेली, मध्ये लाल पेन्सिलीची रेघ, खालचे घरी. रेघेच्या वर शेवटचं नाव ओपल. रेघेखाली पहिलं मी.

आम्ही दोघी एकाच दिवशी लागलो, जून चौऱ्याऐंशी, एकाच रांगेत. एका दिवशी लागलेल्यांत वर कोण, हे इथे सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे सरकारी ओळख-नंबराच्या, शेवटच्या चार आकड्यांवरून ठरतं. तिचे २१८७, माझे ६६४०. लहान आकडा वर. पंचवीस वर्षं त्याची थट्टा चालली आहे — ती मला 'धाकटे' म्हणते, स्वतः वयाने सहा महिने लहान असून.

शुक्रवारपर्यंत वरच्यांपैकी एकजण जरी गेला, तरी मी राहते.

डच परत आला तेव्हा फाइल बंद होती.

२६ मार्च

लिहून टाकते. कुठेतरी खरं असू दे.

ओपलच्या स्वयंपाकघरात गेले. म्हटलं, "डचकडून पक्कं कळलंय. कारखाना जाणार — सगळाच. हातात पडतंय ते घे आणि सूट."

तिने केकची सुरी बाजूला ठेवली. "पक्कं?"

"पक्कं."

"तू काय करणार मग?"

"मी थांबते. विम्याचे जितके दिवस मिळतील तितके."

तिने चेरीच्या केकचा दुसरा तुकडा माझ्या ताटलीत वाढला. "खा, धाकटे. वाळलीस किती." मी तो सगळा खाल्ला.

२७ मार्च

सही केलेल्यांच्या यादीत ओपलचं नाव लागलं. चेस्टरला सांगितलं, माझी नोकरी बहुतेक टिकेल. तो माझा हात धरून रडला.

१ जून

कंपनीने दिवाळं जाहीर केलं, आता मोठी मालकी सरकारची. डचने युनियनच्या हॉलमध्ये बंद होणारे कारखाने वाचून दाखवले. आमचं नाव नव्हतं. लोक मिठ्या मारत होते, मलाही मारल्या.

संध्याकाळी ओपलचा फोन. "ऐकलं. चेस्टरला सांग, आता खुशाल औषध घे म्हणावं." बस, एवढंच. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिला वाटत असेल डचच चुकला. मीही तसंच वाटू दिलं.

१४ नोव्हेंबर

ओपल सुपरमार्केटच्या गल्ल्यावर बसते. आज तिच्यापुढे कुणी नव्हतं. मी शेजारच्या रांगेत सहा जणांच्या मागे उभी राहिले, तोंड मासिकात घालून. मी इतकी भित्री असेन असं वाटलं नव्हतं.

८ ऑगस्ट २०११

दुसरी शिफ्ट परत सुरू झाली. नवी माणसं घेतली, आमच्या निम्म्या पगारावर. मदत घेताना तेही कबूल केलं होतं, आणि हॉलमध्ये मीही हात वर केला होता. तेव्हा 'नवी माणसं' म्हणजे कुणीतरी पोरंटोरं वाटली होती.

आज नव्यांच्या रांगेत ओपल. चोपन्न वर्षांची, गळ्यात नवं कार्ड.

सुपरवायझर म्हणाला, "व्हर्ना, हिला दाराचं रबर बसवायला शिकवा." बिजागरीच्या कोपऱ्यापासून अंगठ्याने दाबत आणायचं — ही युक्ती ओपलनेच मला शिकवलेली. ती अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "दाखवा बाई. आम्हाला काय कळतंय."

दिवसभर एकाच दाराला दोघी. पगार मात्र मला तिच्या दुप्पट. खरं काय ते सांगायचं होतं. तोंड दोनदा उघडलं आणि मशीनबद्दलच काहीतरी बोलले.

१२ ऑगस्ट

डच निवृत्त झाला. कपाट रिकामं करायला मला बोलावलं. म्हणाला, "तुला सांगू नको म्हणाली होती, पण आता मी चाललोय. ओपल त्या सह्यांच्या आठवड्यात मंगळवारी आली होती. रेघ कुठे पडते विचारलं, मी दाखवली. मग म्हणाली, मी गेले तर कोण राहतं? तुझं नाव सांगितलं. तिथेच उभ्याउभ्या सही केली."

मंगळवार म्हणजे चोवीस मार्च. मी तिच्याकडे गुरुवारी गेले होते.