आपल्या माणसाचं पाऊल

४ ऑक्टोबर १९९९
नोकरीचा पहिला दिवस! आप्पा स्टँडवर सोडायला आले आणि बस सुटेपर्यंत भेटेल त्याला सांगत राहिले, आमची रूपा मिलिटरीची यंत्रं बनवायला हुबळीला चालली. अळणावरजवळच्या आमच्या गावात मी पहिली इंजिनिअर, त्यामुळे अर्ध्या बसने मला वळून पाहिलं. मीही मान ताठ ठेवली. उणकलला तळ्याजवळ खोली मिळाली आहे आणि कोपऱ्यावर चुरमुऱ्यांचं झकास गिरमिट मिळतं. आणखी काय पाहिजे?

कारखाना म्हणजे नवनगरच्या टोकाला पत्र्याची एक लांब शेड आणि आम्ही सहा माणसं. मालक वादिराज सर. सगळ्यांत जुने पद्मनाभअण्णा, एकदा कामाला बसले की जेवणसुद्धा विसरणारे. आम्ही जे बनवतो त्याला सगळे नुसतं 'सेट' म्हणतात. फाटकापासून शेडच्या दारापर्यंतच्या वाटेत बारा लोखंडी खुंट्या पुरल्या आहेत, फाटकाशी बारावी, दाराशी पहिली. कुणी चाललं की जमीन हलते, ते खुंटीला कळतं आणि टेबलावरचा डबा सांगतो कोण आलं. आपला माणूस असेल तर हिरवा दिवा आणि त्याचा नंबर. परका असेल तर लाल दिवा आणि घंटा. पहिले दहा सेट सीमेवरच्या ज्या चौकीवर जाणार आहेत, तिथंच माझा धाकटा भाऊ संतोष आहे! हे कळलं आणि मी आनंदाने दोन प्लेट गिरमिट खाल्लं.

९ ऑक्टोबर
आज सेटला माझं पाऊल शिकवलं. एक बटण खाली केलं की पिवळा दिवा लागतो, मग आपण वाटेवरून वीस फेऱ्या मारायच्या. सेटमध्ये जागा सहाच. अण्णा तीन नंबर, मी सहा. सरांनी बजावलं की शिकवून झालं की बटण वर करायचं, नाहीतर जो कोणी अनोळखी चालेल त्याला सेट आपला समजेल आणि आपल्यापैकी एकाला पुसून तिथं बसवेल. मी म्हटलं, सर, मी काय कुकुलं बाळ आहे का?

१८ ऑक्टोबर
खंडेनवमी. अण्णांनी सगळी यंत्रं पुसून त्यांना हळदकुंकू लावलं, सेटच्या डब्याला झेंडूची माळ घातली. आरती चालू असताना त्या माळेतून पिवळा उजेड दिसला. शनिवारी पुन्हा फेऱ्या मारून झाल्यावर गावाकडची बस गाठायच्या घाईत मी बटण खालीच ठेवलं होतं. हात पुढे केला तर अण्णा ओरडले, "मुट्टबेड, तंगी! शिवू नको, बहिणी. पूजा झालीय. आता दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही बघ."

खरं कारण सांगितलं असतं तर सरांनी स्वतः बटण वर केलं असतं. पण सगळ्यांसमोर माझं हसं झालं असतं. मूग गिळून बसले. दुपारी शेडला कुलूप लागलं, फाटकालाही. बंद आवारात चालणार कोण?

२० ऑक्टोबर
सगळ्यांच्या आधी पोचून बटण वर केलं. मग कॉम्प्युटरवर नोंद पाहिली. नवमीच्या दुपारपासून दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत, कुलूपबंद आवारात, वाटेवर चार हजार पावलं पडली आहेत. तीन नंबरच्या जागेवर. अण्णांचं पाऊल पुसलं गेलं आहे.

माणसाच्या डाव्या आणि उजव्या पावलाची रेघ नोंदीत जराशी वेगळी उमटते. या चार हजारांत उजवं एकही नाही. सगळी डावी आहेत.

२२ ऑक्टोबर
दोन दिवसांची रजा संपवून अण्णा आज फाटकातून आत आले आणि लाल दिवा लागला, घंटा वाजली. "अण्णा, तुम्ही घुसखोर की हो!" म्हणत सगळे पोट धरून हसले. अण्णाही हसले. मीही हसले, आणि मला माझीच लाज वाटली. सांगायचं म्हणून दोनदा सरांच्या टेबलापर्यंत गेले. सर कामात आहेत, असं स्वतःला सांगून परत आले.

२६ ऑक्टोबर
जेवणाची सुट्टी. सहाही जण शेडमध्ये डबे उघडून बसलो होतो. हिरवा दिवा लागला. तीन नंबर, खुंटी बारा. मी दारातून पाहिलं, वाटेवर नुसतं ऊन. खुंटी अकरा. खुंटी दहा. मग थांबलं. सर म्हणाले, रस्त्यावरून लॉरी गेली असेल. अण्णांनी हातातला घास डब्यात परत ठेवला.

२९ ऑक्टोबर
आमच्या सेटने शिकलेलं सगळं सरांनी दहाही सेटमध्ये उतरवलं. जवान त्यावरच आपापली पावलं शिकवतील. संध्याकाळी ट्रक निघाला. फाटकाशी उभी होते. तेव्हाही बोलले नाही. देवा, मी बोलले नाही.

१ नोव्हेंबर
पद्मनाभअण्णा गेले. सकाळी वाटेवरच, सातव्या खुंटीपाशी. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. उजव्या पायात चप्पल होती. डावी शोधूनही सापडली नाही.

नोंद पाहिली. सातव्या खुंटीवर लाल आणि हिरवा. एकाच वेळी.

२ नोव्हेंबर
सरांना सगळं सांगितलं. त्यांनी ती डावी पावलं पाहिली आणि कॉम्प्युटर बंद केला. मग म्हणाले, सेट परत मागवले तर कारखाना बुडेल, दिवाळीनंतर बघू, कुणाला सांगू नकोस. संतोषला पत्र टाकलं — सेट बंद कर. पत्र पोचायला आठ दिवस तरी लागणार.

५ नोव्हेंबर
मी फाटकातून आत आले. लाल. घंटा.

बटण वर होतं. मीच त्यावर चिकटपट्टी लावली आहे. तरी —

आत येऊन बसले. मी आत, खुर्चीत. हिरवा दिवा. सहा नंबर, खुंटी बारा. माझा नंबर.

आधी अण्णांचा नंबर घेतला. मग अण्णा —

९ नोव्हेंबर, पाडवा
सगळे घरी. मी एकटी इथं. संतोषकडे शेडचाच फोन नंबर आहे म्हणून. सणाला फोन करतो तो. सेटच्या तारा उपटल्या तरी दिवा लागतोच.

अकरा वाजता फोन आला. खुशीत होता. पत्र मिळालेलं नाही. म्हणाला, "अक्का, तुझं यंत्र भारी आहे ग! सारखा हिरवा." मी विचारलं, नंबर कुठला? तो हसला. "सहा. सहा म्हणजे मीच की! मी इथं बसलोय अन् ते म्हणतंय मी बाहेरून येतोय."

मी ओरडले, सेट फोड, बाहेर पाऊल टाकू नको, माझी चूक आहे, माझी —

लाइन तुटलेली होती. कुठपर्यंत ऐकलं त्याने?

साडेअकरा. खुंटी सहा. थांबत नाही आता.

पाच. दारातून बाहेर ऊन दिसतंय. कुणी नाही. कुंपणावरून पळता येईल. पण तो परत फोन करेल. करेलच.

तीन.

आप्पा, हे वाचलंत तर — संतोषला सांगा, मला त्याच दिवशी बोलता आलं असतं —

दोन.

फोन वाजतोय. फोन दाराशी आहे. खुंटी एक. संतोषच असणार. दोन पावलांवर. उचलला तरच त्याला —

उठले. त्याला एवढंच सांगायचं की